मनालीच्या हॉटेलसाठी बर्फ हटवण्याचा हंगामी ठेका कसा ठरवावा?

प्रश्न
गलाईवाला, विटा

नमस्कार मंडळी,

आमचे गाव विट्यापासून जवळच आहे आणि खानापूर-आटपाडीकडच्या असंख्य घरांप्रमाणे आमचाही धंदा गलाईचा आहे. वडील सोने-चांदी गाळण्याच्या कामासाठी तरुणपणी पंजाबात गेले, दुकान अजूनही तिथेच आहे आणि ते धाकटा भाऊ पाहतो. तिथल्याच ओळखीतून आम्ही दोघा भावांनी मनालीच्या वरच्या अंगाला, डोंगरउतारावर असलेले चौदा खोल्यांचे एक हॉटेल पाच वर्षांसाठी चालवायला घेतले आहे. हिमाचलात शेतकरी नसलेल्या माणसाला तिथल्या कूळ व जमीन सुधारणा कायद्याच्या कलम ११८ मुळे सरकारच्या परवानगीशिवाय जमीन घेता येत नाही, आणि विट्याच्या सातबाऱ्यावर नाव असले तरी तिथे आपण शेतकरी ठरत नाही. त्यामुळे मालकी स्थानिक कुटुंबाकडेच आहे. देखभाल आणि तिच्यातला तोटा तेवढा आमच्या वाट्याला आला आहे.

अडचण बर्फाची आहे. रस्त्यापासून दारापर्यंत १२० फूट लांब आणि १२ फूट रुंद असा चढ, पुढे पेव्हर ब्लॉकचे ४,००० चौरस फुटांचे पार्किंग आणि मग २६ दगडी पायऱ्या, एवढा भाग डिसेंबर ते मार्च मोकळा ठेवावा लागतो. पहिल्या हिवाळ्यात आम्ही एका स्थानिक ठेकेदाराला तोंडी काम दिले होते. जानेवारीत एका रात्री दीड फूट बर्फ पडला, सकाळी आठ वाजता निघायचे असलेले दोन कुटुंबांचे पाहुणे अडकले आणि ठेकेदार दुपारी बारा वाजता आला. विचारले तर म्हणाला की बर्फ थांबल्यावर यायचे ठरले होते आणि बर्फ अकरा वाजता थांबला. त्याचे म्हणणे खोटे नव्हते, कारण आमचे खरोखरच तेवढेच बोलणे झाले होते.

यंदा दोन प्रस्ताव हातात आहेत. एक जण चार महिन्यांचे उक्ते १,८०,००० रुपये मागतो, तर दुसरा फेरीमागे ९,००० रुपये. म्हणजे वीस फेऱ्यांना दोन्ही सारखेच पडतात. मी स्वतः विट्यात असतो, भाऊ दुकानात, आणि हॉटेलवर एक व्यवस्थापक व दोन पोरे असतात. डोंगरावरच्या मालमत्तांचे असले ठेके ज्यांनी दिले-घेतले आहेत, त्यांनी कोणता प्रस्ताव घ्यावा आणि कागदावर काय लिहावे हे सविस्तर सांगितल्यास उपकार होतील.

प्रतिसाद १
पाचगणीचा व्यवस्थापक

गलाईवाले, बर्फाचा माझा अनुभव वेण्णा तलावाच्या जेटीवर पहाटे दिसणाऱ्या हिमकणांपुरताच आहे, ज्यांच्या छायाचित्रांवर आपली वर्तमानपत्रे दर हिवाळ्यात ‘मिनी काश्मीर’ असा मथळा देतात. परंतु डोंगरावरच्या जागेसाठी हंगामी ठेका देणे हे काम मी एकोणीस वर्षे करीत आलो आहे. फरक इतकाच की आमच्याकडे आगोटीच्या आधी गटारे उपसणे, पावसाची झड अडवणाऱ्या झडी बांधणे, दरडीकडच्या भिंतीमागची माती काढणे आणि पावसात पडलेली झाडे हटवणे यांचे ठेके असतात. आकाशातून काय आणि किती पडणार हे ठाऊक नसताना दर ठरवायचा, ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच आहे.

आपण उक्ते की फेरीमागे हा प्रश्न आधी विचारला आहे, पण माझ्या मते तो शेवटचा आहे. आधी हे ठरले पाहिजे की ठेकेदाराने केव्हा हालचाल करायची, आणि ती वेळ झाली हे कोणाच्या मोजमापावरून ठरायचे. आपल्याकडचेच उदाहरण देतो. महाबळेश्वरात २२ आणि २३ जुलै २०२१ च्या दरम्यान २४ तासांत ५९० मिलिमीटरपेक्षा अधिक पाऊस झाला. आमची पाचगणी तिथून जेमतेम १९ किलोमीटरवर आहे, तरीही आमचा वर्षाचा पाऊस महाबळेश्वरच्या निम्म्याहून बराच कमी असतो. एका करारात मी अजाणतेपणी ‘महाबळेश्वर येथे नोंदलेल्या पावसानुसार’ असे शब्द घातले होते आणि आमच्या अंगणात नुसती भुरभुर असताना ठेकेदाराला जादा फेऱ्यांचे पैसे मोजले. तेव्हा ठेकेदाराने कुल्लूजवळच्या भुंतर विमानतळाचा आकडा पुढे केला तर तो मान्य करू नका. भुंतर सुमारे १,१०० मीटर उंचीवर आहे, मनाली गाव सुमारे २,०५० मीटरवर आणि आपण त्याहून वर. खाली पाऊस पडत असताना आपल्या दारात फूटभर बर्फ साचलेला असू शकतो.

उक्त्या रकमेबद्दल माझे मत प्रतिकूल आहे. उक्ते काम घेतलेला माणूस पैसे खिशात पडल्यावर ज्या दिवशी काम जास्त त्याच दिवशी आजारी पडतो. एका जुलैत पसरणी घाटात झाड आडवे पडले, आमचा गटारांचा ठेकेदार वाईत राहणारा, आणि तो दोन दिवस वर आलाच नाही. तोवर तळमजल्यावरच्या चार खोल्यांत गुडघाभर पाणी. दोष त्याचा जितका, तितकाच माझाही होता, कारण घाटाखालचा माणूस घाटावरच्या कामाला नेमू नये एवढी साधी गोष्ट मी विसरलो होतो. आपला ठेकेदार कोणत्या वळणाच्या अलीकडे राहतो आणि त्याचे यंत्र रात्री कुठे उभे असते, हे दर विचारण्याआधी विचारा.

प्रतिसाद २
माजी सुभेदार, सातारा

वरील प्रतिसादातील बहुतेक गोष्टी मला मान्य आहेत, परंतु उक्त्या ठेक्याविषयीचे मत मान्य नाही. सेवेत असताना हिमाचल आणि काश्मीरमध्ये माझे काही हिवाळे गेले आणि रस्ता उघडण्याच्या कामावर मी अनेकदा उभा राहिलो आहे. बर्फात अडचण मजुरीची नसते, यंत्राची असते. पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणारी हिवाळी वादळी प्रणाली, आला की तो संपूर्ण खोऱ्यावर एकाच वेळी येतो. त्या सकाळी प्रत्येक हॉटेलला, प्रत्येक दवाखान्याला आणि शिवाय सरकारी रस्त्यांनाही तेच चार-दोन जेसीबी हवे असतात, आणि सरकारी रस्ता आधी उघडणे हे योग्यच आहे. ज्याला आपण फेरीमागे पैसे देणार, तो त्या सकाळी फेरीचे जास्त पैसे देणाऱ्याकडे जाईल. म्हणून दर महिन्याला एक ठरावीक रक्कम यंत्र आपल्यासाठी राखून ठेवण्याबद्दल द्यावी आणि प्रत्यक्ष फेरीचा दर त्यावर वेगळा, पण कमी, ठेवावा. पाचगणीकरांची भीतीही त्यात सुटते, कारण सगळे पैसे आधी ठेकेदाराच्या खिशात जात नाहीत.

आता मोजमापाविषयी. पार्किंगच्या एका उघड्या कोपऱ्यात, छपराच्या वळचणीपासून आणि झाडापासून दूर, दोन फूट चौरस पांढऱ्या रंगाची फळी जमिनीलगत ठेवा. तिच्यावर पट्टी उभी धरून बर्फाची उंची मोजायची, छायाचित्र काढायचे, फळी पुसायची आणि ताज्या बर्फावर पुन्हा ठेवायची. हे सहा तासांतून एकदा पुरे. दर तासाला पुसून मोजले तर बेरीज फुगते, कारण बर्फ स्वतःच्या वजनाने दबत असतो आणि त्याला दबायला अवधीच मिळत नाही. फळीवर दोन इंच झाले की ठेकेदाराने निघायचे, मग रात्रीचे दोन वाजलेले असोत किंवा बर्फ पडत असो. आपल्या पहिल्या हिवाळ्यात घोटाळा झाला तो इथेच. बर्फ थांबण्याची वाट पाहिली की मधल्या काळात गाड्यांच्या चाकांखाली तो दाबला जातो, त्याचा कठीण थर होतो आणि मग फावडे चालत नाही, पहार लागते. दीड फूट एकदम काढण्यापेक्षा सहा-सहा इंच तीनदा काढणे सोपे असते, आणि त्या तीन वेळा म्हणजे तीन फेऱ्या की एक, हे करारात स्पष्ट लिहिले नाही तर आपला वीस फेऱ्यांचा हिशेब दोन आठवड्यांत संपेल.

काढलेला बर्फ टाकायचा कुठे, हा विषय आपल्या प्रश्नात कुठेच आलेला नाही. आपल्या ठेकेदारांना समजेल अशा ब्रासमध्ये (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) सांगतो. ४,००० चौरस फुटांवर एक फूट बर्फ म्हणजे ४० ब्रास. ताजा, भुसभुशीत बर्फ घनमीटरला साधारण १०० किलो भरतो, म्हणजे एक ब्रास पावणेतीनशे किलोंच्या आसपास आणि संपूर्ण पार्किंगवरचा बर्फ ११ टनांवर. तोच मार्चमधला ओला बर्फ असेल तर ३०० किलोंच्या पुढे जातो आणि आपण ३४ टन ढकलत असता. ढकलताना तो दबून निम्मा झाला असे धरले, तरी पाच फूट उंचीच्या ढिगाला ४०० चौरस फूट जागा लागते, म्हणजे तीन गाड्यांची. थंडी टिकून राहिली आणि अशा चार बर्फवृष्ट्या मध्ये न वितळता एकामागून एक झाल्या तर चाळीस टक्के पार्किंग ढिगाखाली जाईल. म्हणून ढिगाची जागा आत्ताच नकाशावर आखा आणि ती उताराच्या खालच्या बाजूला ठेवा. वरच्या बाजूला ढीग केला तर दुपारच्या उन्हात त्याचे पाणी पार्किंगवरून वाहते आणि संध्याकाळी तेच गोठून काचेसारखा, डोळ्यांना न दिसणारा थर तयार होतो. पाहुणे पडतात ते पांढऱ्या बर्फावर नव्हे, या थरावर. शेजारी सफरचंदाची बाग असेल तर तिच्या बांधावर आणि सरकारी रस्त्यावर बर्फ ढकलायचा नाही, हेही लिहून घ्या.

मिठाचा उल्लेख ठेकेदार करीलच. साधे मीठ उणे ९ अंशांच्या आसपासपर्यंत चांगले काम देते; त्याखाली ते नुसते पडून राहते आणि मग वाळू किंवा राखच बरी, कारण तिच्यामुळे बर्फ वितळला नाही तरी पायाला पकड मिळते. बागेच्या बाजूला मीठ टाकू नका, मुळांना ते मानवत नाही. नव्या काँक्रीटवर पहिल्या हिवाळ्यात टाकले तर पृष्ठभागाच्या खपल्या निघतात.

एक गोष्ट ठेकेदारावर सोडू नये. आपल्या हॉटेलच्या वरचा उतार तीस ते पंचेचाळीस अंशांचा असेल तर तो हिमस्खलनाचा उतार समजा. संरक्षण भूसूचना विज्ञान संशोधन संस्थेकडून हिमस्खलनाच्या सूचना प्रसृत होतात. इशारा असेल त्या दिवशी कोणालाही फावडे देऊन बाहेर पाठवायचे नाही आणि त्या दिवसाचा दंडही ठेकेदाराला लावायचा नाही.

गलाईवाला, विटा

सुभेदारसाहेब, ब्रासचा हिशेब वाचून भावाला लगेच फोन केला. उताराच्या खालच्या बाजूला दहा फूट रुंदीची एक पट्टी मोकळी आहे, पण तिच्याखालून सांडपाण्याचे गटार जाते आणि तिथेच मालकाची जुनी लाकडे पडलेली आहेत. ती हलवायला मालकाला सांगतो. राखून ठेवण्याची रक्कम आणि कमी फेरीदर ही कल्पना दुसऱ्या ठेकेदाराला सांगितली. महिना १५,००० रुपये आणि फेरीमागे ५,५०० रुपये यावर तो जवळजवळ तयार आहे. चार महिन्यांचे ६०,००० रुपये नक्की जातील आणि वीस फेऱ्या झाल्या तर एकूण १,७०,००० रुपये होतील, म्हणजे उक्त्या दरापेक्षा थोडे कमीच. बर्फ कमी पडलेल्या वर्षी तर बरेच वाचतील.

आता दोन शंका उरतात. ठेकेदार आला नाही तर दंड किती ठेवावा, आणि भांडण झाले तर सांगलीच्या न्यायालयात जाता येईल असे कलम घालता येईल का? शिवाय छपरावरचा बर्फ याच ठेक्यात द्यावा काय? छप्पर पत्र्याचे आणि उतरते आहे.

प्रतिसाद ३
वकील, सांगली

सांगलीचे कलम घालण्यात अर्थ नाही. दोन किंवा अधिक न्यायालयांना कायद्यानेच अधिकार असेल तर त्यांपैकी एक निवडण्याची मुभा पक्षकारांना असते. परंतु ज्या न्यायालयाला मुळात अधिकारच नाही, त्याला तो दोघांच्या सहीने मिळत नाही. मालमत्ता कुल्लू जिल्ह्यात, ठेकेदार तिथला, काम तिथे आणि करारही तिथेच होणार, तर दावाही तिथेच चालेल. आपण विट्यात राहता एवढ्याने सांगलीचे न्यायालय त्यात येत नाही. त्यामुळे भांडणाची वेळच येणार नाही अशी पैशांची रचना करणे अधिक शहाणपणाचे. राखून ठेवण्याची रक्कम आगाऊ न देता प्रत्येक महिन्याच्या अखेरीस द्या आणि शेवटच्या महिन्याची रक्कम पेव्हर ब्लॉकची पाहणी झाल्यावर. जेसीबीच्या बादलीचे दात ब्लॉक उपटून काढतात, हे घाटावरच्या आपल्या हॉटेलवाल्यांनाही ठाऊक असेल. बादलीला रबरी पट्टी लावावी आणि तळाचा एक इंच थर हाताने काढावा, असे वाक्य करारात असू द्या.

दंडाविषयी भारतीय करार कायदा, १८७२ मधील कलम ७४ लक्षात ठेवावे. करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते आणि न्यायालय तिच्या आत वाजवी वाटेल तेवढीच भरपाई देते. ‘एक तास उशीर झाल्यास पन्नास हजार’ असले आकडे लिहिल्याने ठेकेदार घाबरत नाही, फक्त सही करताना हसतो. त्याऐवजी ठरलेल्या वेळेत यंत्र आले नाही तर आपण दुसरीकडून काम करवून घ्यावे आणि फरकाची रक्कम त्याच्या बिलातून कापावी, असे लिहा. ते सिद्ध करणे सोपे, कारण दुसऱ्याची पावती हातात असते. ‘नैसर्गिक आपत्ती’ या नावाखाली ठेकेदार जबाबदारी झटकू पाहील, पण बर्फ हटवण्याच्या ठेक्यात बर्फ पडणे ही आपत्ती होऊ शकत नाही. सरकारने रस्ता बंद केला किंवा हिमस्खलनाचा इशारा दिला, एवढ्याच प्रसंगी सूट ठेवा. यंत्र चालवणे महाग पडले म्हणून काम अशक्य ठरत नाही, हेही कलम ५६ पाहता त्याला समजावून ठेवलेले बरे.

मोजमापाची छायाचित्रे व्यवस्थापकाच्या फोनमध्येच राहू देऊ नका. ठेकेदार आणि आपण दोघेही असलेल्या व्हॉट्सॲप गटावर ती त्याच वेळी पाठवली जावीत, म्हणजे हरकत घ्यायची असेल तर ती तेव्हाच घेतली जाईल. पुढे कधी न्यायालयात दाखवायची वेळ आली तर भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालील प्रमाणपत्र जोडावे लागेल. त्याच्या माणसांचा अपघात विमा आहे का, तेही सही करण्यापूर्वी कागदावर पाहा. आणि मालकाशी झालेला आपला चालवण्याचा करार पुन्हा एकदा वाचा. छप्पर बर्फाने वाकले तर ती देखभाल की मूळ बांधकामातला दोष, याचे उत्तर बहुधा त्यात नसेल.

प्रतिसाद ४
माजी सुभेदार, सातारा

छपराचे उत्तर थोडक्यात देतो. ते या ठेक्यात देऊ नका. ओल्या पत्र्यावर माणूस चढवणे म्हणजे पाहुण्यांची सोय करताना एखाद्याचा जीव घालवणे. उतरत्या पत्र्यावरून बर्फ बहुतेक वेळा आपोआप घसरतो. म्हणून वळचणीखाली गाडी लावू देऊ नये, आणि पायऱ्यांच्या माथ्यावर छपराला बर्फ अडवणाऱ्या पट्ट्या आहेत का ते पाहावे. साचलेला बर्फ काढायचाच असेल तर जमिनीवर उभे राहून लांब दांड्याच्या खोऱ्याने कडेचा दोन-तीन फूट काढावा. छप्पर किती ओझे पेलेल हे ठेकेदाराला विचारू नका, संरचना अभियंत्याला विचारा. बर्फाच्या भारासाठी भारतीय मानक ८७५ चा चौथा भाग आहे आणि त्याने तो उघडूनच उत्तर दिले पाहिजे. तीन फूट दबलेला बर्फ चौरस मीटरला अडीचशे किलोंच्या पुढे जातो.

आणखी एक, पहिला बर्फ पडण्याच्या आधी चढाच्या दोन्ही कडांना, गटाराच्या तोंडाशी, प्रत्येक झाकणाशी आणि पायऱ्यांच्या कोपऱ्यांशी लाल फडके बांधलेले पाच फुटी बांबू ठोकून घ्या. रात्री दोन वाजता जेसीबीच्या चालकाला सगळीकडे एकसारखे पांढरेच दिसते.

प्रतिसाद ५
पाचगणीचा व्यवस्थापक

सुभेदारसाहेबांची राखून ठेवण्याची युक्ती मी यंदाच्या पावसाळी ठेक्यातही वापरून पाहणार आहे, तेव्हा उक्त्याविषयीचे माझे भांडण मागे घेतो. फक्त यंत्र बिघडले तर काय, एवढे लिहून घ्या. आमच्याकडे जेसीबीचा पाइप फुटला की वाईहून माणूस येईपर्यंत अर्धा दिवस जातो, तिथे तर थंडीत साधे डिझेलसुद्धा घट्ट होते. यंत्र आले नाही तर ठेकेदाराने सहा गडी आणि रुंद फावडी पाठवून निदान चढ आणि पायऱ्या तरी मोकळ्या कराव्यात, पार्किंग नंतर पाहता येईल. पाहुणा गाडीविना दोन तास थांबतो. चहा दिला तर तीन तास.

गलाईवाला, विटा

सर्वांचे आभार. काल व्यवस्थापकाला टेप घेऊन पार्किंग मोजायला सांगितले होते. ढिगाची जागा सोडून हाताशी ३,४५० चौरस फूटच उरतात, म्हणून ठेकेदाराशी क्षेत्राचा आकडा बदलून पुन्हा बोललो आणि फेरीचा दर ५,००० वर आला. मोजताना व्यवस्थापकाला पार्किंगच्या जवळजवळ मधोमध, पेव्हरच्या रंगाचेच, नकाशावर नसलेले पाण्याच्या टाकीचे एक लोखंडी झाकण सापडले. मालकाला विचारले तर म्हणाला, ते तिथे आहेच की. पहिला बांबू तिथेच ठोकायला सांगितला आहे.